जॅझ आणि डाउनटेम्पोची संकलनं: सोलोला जागा कोण देतं?

खर्ज (धागाकर्ता)

संथ ठेका, त्याखाली फिरून फिरून येणारी डबल बासची ओळ, ऱ्होड्स पियानोचे ओलसर सूर आणि लांबून आल्यासारखा म्यूट लावलेला ट्रम्पेट. यालाच डाउनटेम्पो म्हणतात. १९९० नंतरच्या दशकभरात या घाटाची संकलनं ढिगाने निघाली. जॅझच्या जुन्या श्रोत्यांनी ती पार्श्वसंगीत म्हणून बाजूला सारली, तर इलेक्ट्रॉनिक ऐकणाऱ्यांनी हॉटेलच्या लॉबीतला माल म्हणून. दोन्ही निकाल घाईत दिले गेले असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. लंडनमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही डीजे जुन्या जॅझ-फंक तबकड्यांवर लोकांना नाचवत होते. त्यातून १९८७ मध्ये गाइल्स पीटरसन आणि एडी पिलर यांचं ॲसिड जॅझ हे लेबल (तबकड्या काढणारी कंपनी) निघालं, आणि १९९० मध्ये पीटरसनचं टॉकिन लाउड. त्याच वर्षी मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोर, म्हणजे कोल्डकट, यांनी निंजा ट्यून सुरू केलं. १९९१ मध्ये 'द रीबर्थ ऑफ कूल' ही संकलनमालिका आली. नाव उघडच जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'बर्थ ऑफ द कूल'वरून घेतलेलं, त्यामुळे दावाही तेवढाच मोठा. १९९४ मध्ये मो वॅक्स लेबलचं 'हेड्झ' आलं, ज्यात हिप-हॉपचा ठेका ठेवून शब्द जवळपास काढूनच टाकले होते. म्युनिकच्या कंपोस्ट रेकॉर्ड्सने १९९५ मध्ये 'द फ्यूचर साउंड ऑफ जॅझ' काढून आपलं धोरण थेट शीर्षकातच लिहिलं.

यातली काही संकलनं मी आजही पहिल्या तबकडीपासून शेवटपर्यंत ऐकतो आणि काही दुसऱ्या तुकड्यालाच बंद करतो. असं का होतं, यावर बराच विचार केल्यावर माझ्या हाती एक कसोटी लागली आहे.

जॅझमध्ये ड्रमवाला ऐकत असतो. सॅक्सोफोनवाल्याने वाक्य अर्धं सोडलं की तो ते झांजेवर पूर्ण करतो, पियानोवाला मधली जागा भरतो किंवा मुद्दाम रिकामी ठेवतो. लूप ऐकू शकत नाही. चार आवर्तनांचा तुकडा कापून फिरवत ठेवला की सोलो, म्हणजे एकट्याचं उत्स्फूर्त वादन, वाजवणारा वर काहीही म्हणो, खालून तेच उत्तर येत राहतं. या मिश्रणातली खरी अडचण ही आहे. वेग, यंत्रं, 'हे जॅझ आहे की नाही' हा वाद, या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

ज्या निर्मात्यांना ही अडचण दिसली त्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. सेंट जर्मेन या नावाने काम करणाऱ्या लुदोविक नावारने २००० च्या 'टूरिस्ट'मध्ये लूपवर प्रत्यक्ष वादक बसवले. 'माँतेगो बे स्प्लीन'मध्ये जमैकाचा गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन वाजवतो तेव्हा खालचा ठेका जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच बरोबर आहे. सिनेमॅटिक ऑर्केस्ट्राच्या जेसन स्विन्सकोने 'मोशन' (१९९९) करताना सॅम्पल, म्हणजे जुन्या मुद्रणांतून उचललेले तुकडे, घेतले, त्यावर वादकांकडून वाजवून घेतलं आणि ते वाजवलेलं पुन्हा कापून जोडलं. इथे लूप आणि वादक एकमेकांचं ऐकतात असा भास तरी निर्माण होतो.

संकलकाचं काम यानंतर सुरू होतं. त्याने ठेक्याला ठेका जुळतो एवढ्यावरून तुकडे निवडले तर तासाभरात सगळे एकाच रंगाचे वाटू लागतात. जिथे सोलो खरोखर कुठेतरी पोचतो असे तुकडे निवडून त्यांच्यात दम खायला जागा ठेवली, तर संकलन ही स्वतंत्र रचना होते. तुमच्या मते हे कुणाला जमलं आणि कुणाला नाही? वेगळी कसोटी असेल तर तीही मांडा.

निशाचर

सुंदर धागा. कसोटी आवडली, पण ती सगळ्या संकलनांना लावणं मला पटत नाही.

काही संकलनं एका जागेसाठी आणि एका वेळेसाठी केलेली असतात. इबिझा बेटावरच्या सान अँटोनियोतलं काफे देल मार १९८० पासून सुरू आहे, पण त्याचं नाव जगभर झालं ते होजे पादीयामुळे. तो तिथे सूर्यास्ताच्या वेळी संगीत लावायचा. आधी स्वतः भरलेल्या कॅसेट विकायचा, १९९४ मध्ये पहिलं अधिकृत संकलन निघालं. सूर्य बुडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रकाश सतत बदलतो, आणि त्या बदलाबरोबर चालणारं संगीत निवडणं हे त्याचं कसब. तिथे कुणी बत्तीस आवर्तनांचा सोलो मागत नाही. त्यात जॅझ थोडा, गिटार आणि सिंथेसायझर जास्त, हे मान्य. तरी संथ लयीत माणूस कंटाळू नये म्हणून क्रम कसा लावायचा, हे पुढच्या सगळ्यांनी त्याच्याकडून उचललं.

१९९९ मध्ये पॅरिसमधून दोन मालिका सुरू झाल्या, क्लोद शालची 'बुद्ध बार' आणि स्तेफान पोंपून्याकची 'ऑतेल कॉस्त'. तुम्ही ज्याला लॉबीतला माल म्हणताय तो बहुधा इथून सुरू होतो. पण 'ऑतेल कॉस्त'चे पहिले भाग पुन्हा ऐका. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याचं सफाईदार काम आहे ते. पार्श्वसंगीत हे दूषण का असावं? खोलीतल्या माणसांचं बोलणं न मोडता खोलीचा रंग बदलणं अवघड असतं.

अनाहत

निशाचर यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, पण मग त्याला जॅझ म्हणून विकू नये. वेष्टनावर सॅक्सोफोनची सावली आणि आत दर तीन मिनिटांनी तोच एक सॅम्पल, अशी संकलनं २००० नंतर ज्या संख्येने आली त्यांनी चांगल्या कामाचं नुकसान केलं. खर्ज म्हणतात तो घाईचा निकाल लोकांनी उगाच दिलेला नाही.

रीळ

मी ध्वनिमुद्रणाच्या बाजूने लिहितो, कारण यातल्या बऱ्याच आवडीनिवडी मुळात यंत्रांनी ठरवलेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ मुद्रणं. १९५० च्या आणि १९६० च्या दशकातला बराचसा जॅझ मोनोत किंवा दोन ट्रॅकवर थेट मुद्रित झाला. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने ब्लू नोट या जॅझ लेबलसाठी केलेलं काम आठवा. सगळे वादक एका खोलीत, संतुलन तिथल्या तिथे ठरवलेलं, नंतर वर काही चढवणं नाही. अशा मुद्रणातून फक्त ट्रम्पेट वेगळा काढता येत नाही. ट्रम्पेटच्या माइकमध्ये झांज आहे, झांजेच्या माइकमध्ये बास आहे. म्हणून सॅम्पल घेणारा नेहमी अशा जागा शोधायचा जिथे एकच वाद्य वाजतंय: सुरुवातीची बासची ओळ, ड्रमचा ब्रेक, शेवटचा लांबलेला स्वर. १९९० च्या दशकातल्या या संगीतात बास आणि ड्रम इतके पुढे का, आणि सोलो इतके कमी का, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. सोलोच्या मागे नेहमी अख्खा वाद्यवृंद चिकटलेला असायचा.

दुसरी गोष्ट स्मृती. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये (सॅम्पल साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) सगळे मिळून जेमतेम १० सेकंदांचे सॅम्पल बसत. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचं एक आवर्तन साधारण २.७ सेकंदांचं होतं. म्हणजे ड्रमचे सुटे आवाज धरले तर हातात दोनच आवर्तनं उरतात. लोक ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर वाजवून आत घ्यायचे आणि यंत्रात ती पुन्हा संथ करायचे, म्हणजे कमी जागेत जास्त लांबीचा तुकडा मावे. या उलटसुलट प्रवासात वरचे स्वर झिजायचे आणि आवाजाला एक खरखर यायची. ती खरखर पुढे लोकांना इतकी आवडली की मर्यादा संपल्यावरही मुद्दाम आणली गेली.

तिसरी गोष्ट, वेग आणि सूर बांधलेले असणं. जुन्या सॅम्पलरमध्ये तुकडा संथ केला की सूर खाली जातो. डाउनटेम्पोतले डबल बास इतके खोल आणि जड वाटतात त्यामागे बऱ्याचदा हे आहे. मूळ वादकाने तो बास त्या सुरात वाजवलेलाच नसतो.

आज संगणक तयार मुद्रणातून वाद्यं बऱ्यापैकी वेगळी करून देतो. २०१९ मध्ये डीझरने स्प्लीटर हे साधन सर्वांसाठी खुलं केलं आणि त्यानंतर या क्षेत्राने वेग घेतला. त्यामुळे खर्ज यांची कसोटी आता खऱ्या अर्थाने लावता येईल, कारण 'सोलो सुटा मिळत नव्हता' हे कारण उरलेलं नाही.

ठेका

रीळ यांचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे. एक भर घालतो.

जॅझचा झोका म्हणजे मात्रेचे दोन समान भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवणं. रॉजर लिनने आरेखित केलेल्या आकाई एमपीसी-६० या ठेके रचायच्या यंत्रामध्ये (१९८८) हा झोका टक्क्यांत ठरवता येतो. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तीन भागांतला जॅझचा झोका. मधल्या टक्क्यांत, ५४ ते ६० मध्ये, जे मिळतं ते धड सरळही नाही आणि धड झुलणारंही नाही. माझ्या मते या अख्ख्या शैलीचं चालणं तिथे आहे.

पण खरा ड्रमवाला हा टक्का सारखा ठेवत नाही. वेग वाढला की झोका सपाट करतो, सोलो तापला की मात्रा किंचित पुढे ढकलतो. यंत्रात एकदा आकडा ठरवला की ठरला. म्हणून मला असे तुकडे जास्त आवडतात ज्यात ड्रमचा मूळ लूप आखीव न करता आहे तसा ठेवलाय आणि नवीन वाद्यांना त्याच्याशी जुळवून घ्यायला लावलंय.

अनाहत

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. 'व्हर्व्ह रीमिक्स्ड' (२००२) बद्दल कुणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहिते.

व्हर्व्ह या जुन्या जॅझ लेबलने आपल्या भांडारातल्या मोठ्या गायिका त्या वेळच्या नावाजलेल्या निर्मात्यांच्या हाती दिल्या. ॲस्ट्रुड जिल्बर्टोवर थीव्हरी कॉर्पोरेशन, डाइना वॉशिंग्टनवर रे अँड क्रिश्चन, बिली हॉलिडेवर जिहान अँड कामिएन. यातलं 'इज यू इज ऑर इज यू एंट माय बेबी' मला फार आवडतं, कारण मूळ गाण्यातला मिश्किलपणा नव्या ठेक्याने वाढतो. डाइनाचं शब्द फेकणं इतकं तालात आहे की खाली काहीही ठेवा, ती त्याला आपल्यामागे यायला लावते.

त्याच संकलनात नीना सिमोनचं 'स्ट्रेंज फ्रूट' ट्रिकी या ब्रिटिश निर्मात्याने हाताळलं आहे. हे गाणं अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडांवर लटकवून मारलं जात होतं त्याबद्दलचं. बिली हॉलिडेने ते १९३९ मध्ये मुद्रित केलं आणि नीनाने १९६५ मध्ये. नीनाच्या मुद्रणात पियानो आणि आवाज, बाकी जवळजवळ काही नाही, आणि ती जी शांतता सोडते तीच असह्य होते. त्या शांततेत कुणी बीट घालावा का? आणि घातलाच तर तो अशा संकलनात यावा का, जे लोक जेवताना लावतात?

माझं उत्तर नाही असं आहे. ट्रिकीने काम वाईट केलंय म्हणून म्हणत नाही. तो हलकं काही करणारा माणूस नाही, त्याचा आवाज काळोखाच्याच बाजूचा आहे. आक्षेप संकलकावर आहे. या गाण्याच्या आधी आणि नंतर जे येतं त्याने ते सजावटीच्या रांगेत उभं राहतं. काही मुद्रणं भांडारातच असू द्यावीत.

खर्ज

अनाहत, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री दोन्ही पुन्हा ऐकली. क्रमाबद्दलचा आक्षेप पूर्ण मान्य. 'काही मुद्रणं भांडारातच असू द्यावीत' याबद्दल मात्र मन तयार होत नाही. त्या संकलनातून कितीतरी तरुण श्रोत्यांच्या कानावर नीनाचा आवाज पहिल्यांदा पडला असणार. शिवाय व्हर्व्हने त्याच्याबरोबर 'व्हर्व्ह अनमिक्स्ड' काढलं, ज्यात हीच गाणी मूळ रूपात आहेत. हे मला संकलनांच्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं. आम्ही काय बदललं ते आमच्याच शेजारी ठेवून बघा, असं म्हणायला धैर्य लागतं, कारण बहुतेक ठिकाणी मूळच जिंकतं.

निशाचर, तुमचा पादीयाचा मुद्दा मान्य. जागेसाठी केलेल्या संकलनाला जागेचीच कसोटी हवी.

विलंबित

मी थोडा विरोधी सूर लावते. या संगीतातलं सर्वोत्तम काम संकलनांत नाहीच. ते अशा वादकांकडून आलं ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच्या हाती घेतलं.

नॉर्वे बघा. बुगे वेसेलटॉफ्टने १९९६ मध्ये जॅझलँड हे लेबल सुरू केलं आणि 'न्यू कन्सेप्शन ऑफ जॅझ' या नावाने वादकांचा संच बांधला. नील्स पेटर मोल्व्हेर या ट्रम्पेटवादकाचा 'ख्मेर' १९९७ मध्ये ईसीएमने काढला. ईसीएम म्हणजे मॅनफ्रेड आयकरचं लेबल, १९६९ पासून शांतता आणि मोकळ्या जागेसाठी ओळखलं जाणारं. तिथे अचानक जड बीट, खरखरीत गिटार आणि त्यांच्यावर तरंगणारा ट्रम्पेट. मोल्व्हेरचा ट्रम्पेट जवळजवळ कुजबुजतो, ओठांतून निसटणारी हवा ऐकू येते. बीट जेवढा मोठा होतो तेवढा तो आणखी हळू वाजवतो. लूप ऐकू शकत नाही हे खर्ज म्हणतात, पण इथे वादक लूपला ऐकतोय आणि त्याच्याशी भांडतोय. संकलक कितीही चतुर असला तरी हे नंतर जोडून मिळत नाही.

आणि आणखी मागे गेलात तर कापणं-जोडणं जॅझला परकं नव्हतंच. माइल्स डेव्हिसचं 'इन अ सायलेंट वे' (१९६९) निर्माता टिओ मसेरोने फिती कापून उभं केलं. दुसऱ्या बाजूवर सुरुवातीचा संथ भाग शेवटी जसाच्या तसा पुन्हा येतो, कारण ते एकच मुद्रण दोनदा चिकटवलेलं आहे. आज आपण ज्याला लूप म्हणतो त्याचा हा अतिशय लांब, अतिशय संथ पूर्वज. १९९८ मध्ये बिल लॅसवेलने माइल्सच्या १९६९ ते १९७४ च्या मूळ फिती घेऊन 'पँथालासा' केलं, तेव्हा तो मसेरोचंच काम पुढे नेत होता.

रीळ

विलंबित, मसेरोचा उल्लेख केलात याचा फार आनंद झाला. 'इन अ सायलेंट वे'मधला तो जोड कान देऊन ऐकला तर सापडतो. आणि सापडल्यावर तो तुकडा अजूनच आवडतो, कारण मधल्या भागाने आपलं मन बदललेलं असतं आणि तेच सूर वेगळे ऐकू येतात.

पण संकलनांत हे मिळत नाही याच्याशी असहमत. क्रुडर आणि डॉर्फमाइस्टर या व्हिएन्नाच्या जोडीचं 'के अँड डी सेशन्स' (१९९८) घ्या. दोन सीडी, बहुतेक सगळे इतरांच्या गाण्यांचे रीमिक्स, डेपेश मोडपासून रोनी साइझपर्यंत. काटेकोरपणे बोलायचं तर त्यात जॅझपेक्षा डब, म्हणजे प्रतिध्वनी आणि जड बासवर बेतलेली जमैकन शैली, जास्त आहे. तरी ते सलग ऐकताना एकाच वाद्यवृंदाची मैफल ऐकल्यासारखं वाटतं, कारण खोली एकच आहे: तोच प्रतिध्वनी, तोच बासचा पोत. मूळ गाणी किती दूरदूरची होती ते विसरायला होतं. संकलक वादक होऊ शकतो याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

वाटसरू

सगळे प्रतिसाद पहिल्यापासून वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. जॅझ मी अजून फारसा ऐकलेला नाही, लो-फाय म्हणून जे संथ, खरखरीत बीटचं संगीत सलग वाजत असतं ते ऐकतो. दोन प्रश्न आहेत. त्याचा आणि या संकलनांचा संबंध काय? आणि तुम्ही सांगताय त्यातली बरीच नावं मला स्ट्रीमिंगवर सापडली नाहीत, असं का?

ठेका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. लो-फायचा रस्ता हिप-हॉपमधून येतो.

१९९३ मध्ये दोन तबकड्या आल्या. गुरू या अमेरिकन रॅपरच्या 'जॅझमटॅझ'मध्ये डोनाल्ड बर्ड, रॉय आयर्स, लॉनी लिस्टन स्मिथ यांच्यासारखे वादक प्रत्यक्ष स्टुडिओत आले. दुसरीकडे अस-थ्री या लंडनच्या गटाला ब्लू नोटने आपलं भांडार वापरायला दिलं आणि हर्बी हँकॉकच्या 'कँटलूप आयलंड'वर (१९६४) त्यांनी 'कँटलूप' केलं. त्यात जेरार्ड प्रेझेन्सरचा ट्रम्पेट आहे, आणि तो सोलो नुसता शोभेला नाही.

पुढच्या वर्षी 'रेड हॉट + कूल' हे संकलन आलं, एड्सबद्दल जागृतीसाठी केलेलं. त्याची रचना मला आजही अनुकरणीय वाटते. बऱ्याच तुकड्यांत एक पिढी दुसरीसमोर बसवली आहे: द रूट्सबरोबर रॉय आयर्स, एमसी सोलारबरोबर बासवादक रॉन कार्टर, गुरूबरोबर डोनाल्ड बर्ड. सोलोला जागा देण्याची कसोटी लावायची तर हे संकलन सगळ्यात वर ठेवावं लागेल, कारण इथे सॅम्पलऐवजी माणूसच बोलावला आहे.

जपानमध्ये नुजाबेस या निर्मात्याने हाच धागा फार हळुवार हाताने पुढे नेला. 'द फायनल व्ह्यू'मध्ये त्याने युसेफ लतीफचं 'स्पार्टाकस'मधल्या प्रेमधुनेचं वादन घेतलं आहे. त्याच्या लेबलचं 'हाइडआउट प्रॉडक्शन्स फर्स्ट कलेक्शन' (२००३) हे संकलन ऐका, वाटसरू. तुम्ही ऐकता त्यातलं बरंचसं तिथे आधीच आहे, फक्त तिथे प्रत्येक तुकड्याला सुरुवात आणि शेवट आहे. नुजाबेस २०१० मध्ये गेला. पुढे जे सलग वाहत राहिलं त्याने त्याचा ठेका घेतला, त्याची निवड घेतली नाही.

रीळ

दुसरा प्रश्न हक्कांचा. एका सॅम्पलमागे दोन परवानग्या असतात, एक मुद्रणाच्या मालकाची आणि एक रचनेच्या मालकाची. १९९१ मध्ये अमेरिकेत ग्रँड अपराइट विरुद्ध वॉर्नर खटल्याचा निकाल लागला, आणि त्यानंतर परवानगीविना सॅम्पल वापरणं कंपन्यांना परवडेना. संकलनात तर प्रत्येक तुकड्याचं मुद्रण दुसऱ्या लेबलकडून परवान्यावर घेतलेलं असतं. हे परवाने ठरावीक देशांपुरते आणि ठरावीक वर्षांपुरते असत, आणि ते सीडीसाठी केलेले होते. मुदत संपली की संकलन बाजारातून जातं. सुटे तुकडे कदाचित आपापल्या लेबलच्या नावाखाली सापडतील, पण क्रम आणि एकातून दुसऱ्यात जाणारा जोड सापडत नाही. सोबतच्या पुस्तिकेत कोण काय वाजवतंय ते छापलेलं असे, तेही गेलं. मला सर्वांत जास्त हळहळ त्याची वाटते. बास कोणाचा हे माहीत नसेल तर माणूस पुढच्या तबकडीकडे जाणार कसा? ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत त्यांनी कृपया टाकून देऊ नका.

अनाहत

रीळ यांना पूर्ण अनुमोदन. मूळ वादकांची नावं ज्या संकलनाने ठळक छापली, त्याला माझ्याकडून निम्मे गुण आधीच.

निशाचर

एक साखळी सांगायची राहिली. मार्लिना शॉने १९७३ मध्ये मॉन्ट्रो महोत्सवात 'वुमन ऑफ द गेटो' गायलं, ते ब्लू नोटने काढलं. सेंट जर्मेनने त्यातला तिचा आवाज घेऊन 'रोझ रूज' केलं, २००० मध्ये, तेही ब्लू नोटवर. आणि २०२० मध्ये ब्लू नोटच्याच 'री-इमॅजिन्ड' या संकलनात, जिथे ब्रिटनमधल्या तरुण मंडळींनी जुन्या रचना नव्याने केल्या, जोर्जा स्मिथने 'रोझ रूज' गायलं. म्हणजे जो आवाज कापून लूप झाला होता तो पुन्हा एका जिवंत गळ्यात आला. तिन्ही लागोपाठ ऐका. शॉ ज्या ओळीवर प्रेक्षकांना उत्तर मागते ती सेंट जर्मेनकडे नाचाची हाक होते.

खर्ज

निशाचर, ही साखळी मूळ लेखात असायला हवी होती इतकी चपखल आहे.

वाटसरू, तुमच्यासाठी माझा क्रम. आधी 'रेड हॉट + कूल', कारण त्यात जुने वादक नावानिशी भेटतात. त्यातला जो आवडेल त्याची १९६० च्या किंवा १९७० च्या दशकातली एक तबकडी पूर्ण ऐका, मध्ये दुसरं काही न लावता. मग 'टूरिस्ट'. मग 'व्हर्व्ह रीमिक्स्ड' आणि 'अनमिक्स्ड' गाण्यामागून गाणं, आधी मूळ आणि मग नवं. 'के अँड डी सेशन्स' सर्वांत शेवटी, हेडफोन लावून, कारण त्यातलं अर्धं काम खालच्या बासमध्ये आहे आणि लहान स्पीकरवर ते ऐकूच येत नाही.

विलंबित, नॉर्वेवर तुम्ही वेगळा धागा काढाच. 'ख्मेर'मधल्या तुकड्यांचे रीमिक्सही ईसीएमने काढले होते, आणि २०११ मध्ये त्याच लेबलच्या मुद्रणांवर व्हिलालोबोस आणि लोडरबाउअरने 'री: ईसीएम' केलं. आयकरने आपल्या फिती बाहेरच्यांच्या हाती दिल्यावर त्या शांततेचं काय झालं, हे तुमच्याकडून वाचायचं आहे.